अमावास्येला पुसलेलं नाव

बुधवार, ५ मार्च

जॅक्सनने जाताना बजावलं, "मावशी, सर्व्हरला हात लावला की काय केलं ते लगेच लिहून ठेवायचं. नंतर कोणाच्या बापाला आठवत नाही." म्हणून ही डायरी. कालपर्यंत माझ्याकडे हजेरी, कुरिअर, चहा आणि अण्णांच्या फोटोचा हार एवढीच खाती होती. आजपासून सर्व्हरखातंही आलं.

जॅक्सन आमचा कॉम्प्युटरवाला. नंदाखालचा मुलगा, स्वभावाने लाख. बायको नर्स आहे, तिला कॅनडाला नोकरी लागली आणि तिच्या पाठोपाठ हाही निघाला. मी कौस्तुभला विचारलं, नवीन माणूस कधी घेणार? तर म्हणाला, "माणूस कशाला मावशी, तुम्ही आहात की. यूट्यूबवर सगळं असतं." मालक झाल्यापासून त्याचा माझ्यावरचा विश्वास फार वाढला आहे. पगार आहे तिथेच आहे.

आमचा कारखाना सातिवलीत. प्लास्टिकची झाकणं, बरण्या, डबे ज्यातून निघतात ते लोखंडी साचे आम्ही बनवतो. साच्यांची सगळी ड्रॉइंग्ज ह्या सर्व्हरवर आहेत. प्रत्येक जण आपापल्या टेबलावरून आपलं नाव आणि पासवर्ड टाकून आत जातो, पण कोणाला कुठली खोली उघडायची आणि कोणाला दारातच उभं करायचं, हे माझ्या टेबलाखालच्या ठोकळ्यात ठरतं. त्याच्या पडद्यावर चित्र नाही, घड्याळ नाही, माऊसचा बाण नाही. काळी पाटी आणि पांढरी अक्षरं. एक ओळ लिहायची आणि एंटर मारायचं. माणूस आत आला, माणूस बाहेर गेला. "नक्की का?" एवढंसुद्धा तो ठोकळा विचारत नाही. इतका आज्ञाधारक प्राणी मी आमच्या घरात अजून पाहिलेला नाही.

"मेन पासवर्ड कोणाला नाय द्यायचा," जॅक्सन म्हणाला. "मालकालापण नाय. मालक सगळ्यात डेंजर." मी त्याच्यासमोरच पासवर्ड बदलला. त्याने डोळे मिटून घेतले होते. चांगल्या वळणाचा मुलगा.

यादी पाहिली. त्यात अण्णा अजून आहेत. अण्णा म्हणजे शांताराम सावे, कारखान्याचे संस्थापक, कौस्तुभचे वडील. गेल्या फाल्गुनात गेले. मूळ ड्रॉइंग्जचा फोल्डर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, बाकी सगळ्यांना नुसत्या प्रिंटा दिसतात. अण्णा म्हणायचे, नकाशा सगळ्यांनी बघावा पण पेन्सिल एकाच्याच हातात असावी. आता कौस्तुभ अण्णांच्या नावाने आणि अण्णांच्या पासवर्डने त्या फोल्डरमध्ये जातो. यादीप्रमाणे आजही सकाळी अण्णा आले होते. मला भरून आलं.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. कौस्तुभने मला गुलाबाचं फूल दिलं आणि सगळ्यांसमोर छोटं भाषण केलं. स्त्री ही शक्ती आहे, आपल्या कंपनीचा सर्व्हर एका स्त्रीच्या हाती आहे वगैरे. टाळ्या पडल्या. मग दार लोटून घेऊन त्याने अश्लेषाचा विषय काढला.

अश्लेषा त्याची धाकटी बहीण. पुण्यात साच्यांची डिझाइनर आहे, आणि अण्णांच्या हाताखालीच शिकलेली. अण्णा गेल्यावर दहाव्या दिवशीच म्हणाली होती, मी पुणं सोडून इथे येते, बाबांचं टेबल मी सांभाळते. पण यमुनाकाकू, म्हणजे ह्या दोघांची आई, जुन्या वळणाच्या. वर्षश्राद्ध होईपर्यंत कंपनीत नवीन नाव घालायचं नाही असं त्यांनी सांगितलं. कौस्तुभने आईचा शब्द इतका काटेकोर पाळला की वर्षभरात एक शिपाईसुद्धा घेतला नाही. एरवी तो गणपतीसमोरसुद्धा मोबाइल कानाला लावून हात जोडतो. दुःख माणसाला धार्मिक करतं ते असं.

"वर्ष होईल आता," तो म्हणाला. "ती येणारच. आईपुढे नाही म्हणता येत नाही. तुम्ही तिला लॉगिन द्या, पण फक्त प्रिंटा बघण्यापुरतं. बाबांचा फोल्डर नको. उगाच तिच्यावर ओझं कशाला?"

भाऊ असावा तर असा. मी लगेच तोडगा काढला. बघायचं पण हात लावायचा नाही, अशा लोकांचा एक वेगळा गट पाडता येतो. जॅक्सनने शिकवलं होतं. गटाला नाव द्यावं लागतं, मी म्हटलं "पाहुणे" ठेवू. कौस्तुभ खूश झाला. लग्न झालेली मुलगी माहेरी पाहुणीच असते, त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?

मला तर कधी वाटलं नाही. आगाशीची माझ्या माहेरची वाडी, केळी, नारळ, सुपारी, दोन विहिरी. बाबा गेल्यावर दादाने हक्कसोडीचा कागद केला. सगळ्याच घरांत बहिणी सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. रजिस्ट्रारच्या कचेरीत साहेबांनी मला विचारलं, "राजीखुशीने ना?" तर माझ्या आधी दादाच म्हणाला, "हो हो, तिची काही हरकत नाही." मला बोलायचेसुद्धा कष्ट पडू दिले नाहीत. नंतर त्याने मला पुरी-भाजी खाऊ घातली. अजून दर वर्षी एक घड पाठवतो. यंदा राहिला असेल.

मंगळवार, ११ मार्च

आज स्वतःच्या हाताने पहिली कमांड. रोनाल्ड पासवर्ड विसरला. रोनाल्ड आमचा फोरमन, पाचूबंदरचा कोळी, साचे जोडण्यात हातखंडा, पण कीबोर्डसमोर गेला की त्याचं नाव एका अक्षराने चुकतंच. मी काळ्या पाटीवर ओळ लिहिली, एंटर मारलं, रोनाल्ड आत. तो म्हणाला, "मॅडम, तुमी तर जॅक्सनच्या वरताण निघाल्या." मी त्याला नवीन पासवर्ड म्हणून त्याच्याच होडीचं नाव दिलं.

घरी हे सांगितलं तर ह्यांनी पेपरातून डोकं वर केलं. "म्हणजे आता कंपनीत कोण आत, कोण बाहेर ते तू ठरवणार?" मी म्हटलं, कौस्तुभ ठरवणार, मी नुसतं लिहिणार. हे म्हणाले, "चित्रगुप्तही हेच म्हणत असेल." काशिनाथरावांना बँकेतून निवृत्त झाल्यापासून विनोद सुचतात.

सोमवार, १७ मार्च

अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. आगाशीला त्यांच्या घरी जेवायला पन्नासेक पानं होती. अश्लेषा पुण्याहून आली होती, पदर खोचून वाढत होती. कौस्तुभ पाटावर बसला होता, शेवटी विधी मुलानेच करायचे. भटजी निघाल्यावर यमुनाकाकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "झालं वर्ष. आता पाडव्याला पोरीला कामावर घ्या. हिच्या बापाची तीच इच्छा होती."

कौस्तुभ म्हणाला, "आई, मी तर कधीचाच तयार आहे. तुझ्याच शब्दासाठी थांबलो होतो." अश्लेषाने त्याच्याकडे पाहिलं आणि उष्टी पानं उचलायला लागली. पुण्यात राहिलं की माणसं अशी कमी बोलतात.

शुक्रवार, २१ मार्च

दोन मोठी गिऱ्हाइकं कारखाना बघायला आली. कौस्तुभने ताजे काजू मागवले होते. साच्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एकाने टेप लावून शेडची लांबी मोजली, दुसऱ्याने छताची उंची विचारली आणि फाटकातून लांब ट्रेलर वळतो का ते स्वतः ड्रायव्हर बोलावून बघितलं. मी चाट पडले. आपण झाकणाचा साचा घेताना झाकणच बघतो. मोठी माणसं मुळापर्यंत जातात.

रोनाल्ड माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "मॅडम, हे साचा घेनार का जागा घेनार?" मी त्याला झापलं. फोरमनने फोरमनसारखं राहावं. तो म्हणाला, "ऱ्हातो. राहू दिलं तर."

शनिवार, २९ मार्च

आज अण्णांना पुसलं.

कौस्तुभने सकाळी दोन गोष्टी सांगितल्या. एक, गेलेल्या माणसाचं लॉगिन चालू असणं मोठ्या गिऱ्हाइकांच्या नियमात बसत नाही, ते आजच बंद करा. दोन, अण्णांचा फोल्डर माझ्या नावावर करा. मी पंचांग पाहिलं. फाल्गुनातली अमावास्या. नाव पुसायला काही हरकत नाही, ते काम अमावास्येचंच. पण मालकी बदलायची म्हणजे शुभकार्य, नवा मालक गादीवर बसणार, ते अमावास्येला कसं करायचं? उद्या पाडवा आहे, साडेतीन मुहूर्तांतला एक. मी कौस्तुभला म्हटलं, "आज नाव काढते, तुझं उद्या करते." तो फोनवर होता, अंगठा दाखवला.

ओळ अगदी छोटी होती. लिहून झाली. पंधरा-वीस वर्षं रोज सकाळी ते माझ्या टेबलाशी थांबायचे आणि म्हणायचे, "लता, आज काय मोडलं?" त्यांच्या फोटोला हार घालताना मी रडले नव्हते, त्या एका ओळीपाशी रडले. मग डोळे पुसून एंटर मारलं. यादीतून नाव गेलं. फोल्डर तिथेच होता, आत सगळं जसंच्या तसं. नुसता मालक नव्हता.

एका रात्रीचा तर प्रश्न आहे.

रविवार, ३० मार्च

पाडवा. कारखान्याच्या दाराशी गुढी उभारली, रोनाल्डने काठी धरली. यमुनाकाकू जातीने आल्या होत्या. पूजा झाल्यावर मला म्हणाल्या, "आधी पोरीचं नाव घाल. मुहूर्त जातोय." मी कौस्तुभकडे पाहिलं, तो म्हणाला, "घाला, घाला, माझं काय, नंतर करू." एवढ्या उदार मनाने किती भाऊ बोलतात?

अश्लेषाचं लॉगिन काढलं. गट पाहुणे. काकूंनी कीबोर्डला हळदकुंकू लावलं, त्यातलं थोडं एंटरच्या खाली गेलं, आता ते बटण दाबलं की कुरकुरतं. पेढे वाटले.

कौस्तुभचं काम राहूनच गेलं. तो त्या टेपवाल्या पाहुण्यांना घेऊन कळंबला जेवायला गेला. तिथे कोणाच्या तरी कॉटेजवर सोय केली होती. उद्या ईदची सुट्टी, म्हणजे मंगळवारी करू.

बुधवार, २ एप्रिल

मंगळवारी वर्षअखेरीचे कागद निस्तरता निस्तरता दिवस गेला. मी आठवण केली, कौस्तुभ म्हणाला, "बघू मावशी, डोकं खाऊ नका." बरं.

आज मात्र कारखान्यात आनंदीआनंद होता. अश्लेषाने सकाळी लॉगिन केलं आणि थोड्या वेळाने थेट कौस्तुभच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, मी पाणी ठेवायला गेले होते. अश्लेषा म्हणाली, "दादा, बाबांचा फोल्डर तू मला देशील असं वाटलं नव्हतं. मी तुझ्याबद्दल वर्षभर काय काय मनात आणलं. सॉरी." कौस्तुभच्या एका कानाला फोन. त्याने हात हलवला, "अगं हो, हो, काम कर." ती डोळे पुसत बाहेर आली.

मी मनात म्हटलं, फोल्डर कसा दिसला हिला? पाहुण्यांना तर दिसत नाही. मग वाटलं, प्रिंटांच्या फोल्डरलाच अण्णांचा म्हणाली असेल, पोरगी भावुक झाली आहे.

दुपारी रोनाल्ड पळत आला. औषधाच्या बाटलीच्या झाकणाचा एक साचा दिवाळीपासून रडत होता. झाकणं वाकडी निघत होती. रोनाल्ड सारखा म्हणायचा, "साच्यात पानी नीट फिरत नाय, एक बाजू गरम ऱ्हाते." कौस्तुभ म्हणायचा, चालवून घ्या. अश्लेषाने मूळ ड्रॉइंग उघडून पाण्याची वाट बदलली, रोनाल्डने तसं भोक पाडलं, आणि झाकणं सरळ. त्याने माझ्या टेबलावर दोन ठेवली आणि म्हणाला, "अन्ना परत आले असं वाटलं, मॅडम." मी म्हटलं, तोंड गोड करा. पाडव्याचे पेढे उरले होते.

गुरुवार, ३ एप्रिल

काल मी मूर्खासारखी पेढे वाटत बसले.

सकाळी कौस्तुभने हाक मारली. त्याला अण्णांच्या नावाने आत जाता येईना, कसं येणार, नाव मीच पुसलं. स्वतःच्या नावाने गेला तर फोल्डर उघडेना. "मावशी, माझ्या नावावर करायला सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, आत्ता करते. काळ्या पाटीवर बसले. अण्णांचं सगळं कौस्तुभला दे, असं लिहिलं. उत्तर आलं, अण्णा नावाचं कोणी नाही. बरोबरच आहे. मग ती ड्रॉइंग्ज सध्या आहेत कोणाकडे, ते विचारलं.

पडदा भरून एकच नाव खाली खाली सरकत गेलं. अश्लेषा. अश्लेषा. अश्लेषा. प्रत्येक झाकण, प्रत्येक बरणी.

मी कॅनडाला फोन लावला. जॅक्सन झोपेतून उठला. माझं सगळं ऐकून आधी तो हसला, मग म्हणाला, "मावशी, त्या मशीनला नावं कळत नाय. त्याला फक्त नंबर कळतो. नाव आपल्यासाठी, नंबर त्याच्यासाठी. अण्णांचं नाव तुम्ही काढलं, पण फाइलींवर त्यांचा नंबर तसाच. मग नवीन माणूस घातला, तर मशीन शेवटच्या नंबरच्या पुढचा नंबर देतं."

"पण अण्णा काही शेवटचे नव्हते. ते तर मालक."

"शेवटचेच होते. मी सर्व्हर बसवला तेव्हा त्यांचं नाव पहिलं घालत होतो, तर म्हणाले, पंगतीत यजमान शेवटी बसतो. आधी सगळ्यांचं घाल. आणि नंतर वर्षभर तुम्ही कोणाला घेतलंच नाय. तुम्ही अण्णांना उठवलं, शेवटचं पान मोकळं झालं, त्यावर अश्लेषा बसली. बापाचं ताट पोरीला गेलं. तुम्ही त्याच दिवशी मालक बदलला असता तर काय झालं नसतं. मधे एक दिवस का घालवला?"

मी अमावास्या म्हटलं नाही. म्हटलं, लाइट गेली होती.

"पाहुणे गटाचं काय मग?" मी विचारलं. तो म्हणाला, "गट बाहेरच्यांसाठी असतो, मावशी. मालकाला कोण विचारतंय तो कुठल्या गटातला?" मालकी बदलायची ओळ त्याने पुन्हा एकदा सांगितली. एक ओळ, सगळं कौस्तुभच्या नावावर.

कौस्तुभला सांगितलं तेव्हा तो आधी पांढरा पडला, मग हसला. "मग एवढंच ना? गुपचूप बदलून टाका. तिला आत्ता कळायची गरज नाही, लक्षात येईपर्यंत ती सामान आणायला पुण्याला गेलेली असेल. उद्या चार वाजता पार्टी ड्रॉइंग्ज घ्यायला येतेय, त्याआधी करा."

"ड्रॉइंग्ज घ्यायला? सगळी?"

"मावशी, तुम्ही कमांडचं बघा."

घरी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला, हे क्वचित होतं. "लता, छताची उंची मोजतात ते गोडाऊन करायला. ड्रॉइंग्ज नेतात ते दुसरीकडे साचे काढायला. तुझा कौस्तुभ कारखाना विकतोय. आणि मधे बहीण येऊ नये म्हणून तुला पुढे केलंय." मी म्हटलं, तुम्हाला बँकेत राहून सगळीकडे घोटाळाच दिसतो. ह्यांनी पेपर पुन्हा उघडला. मला जेवण गेलं नाही. अण्णांच्या पोराबद्दल असं बोलायचं म्हणजे काय?

शुक्रवार, ४ एप्रिल

सकाळी गेल्या गेल्या ओळ लिहून ठेवली. एंटरच राहिलं होतं. कुरकुरणाऱ्या बटणावर बोट ठेवलं आणि वाट बघितली, की हा ठोकळा एकदा तरी विचारेल, नक्की का, कोणाला विचारलंस का. विचारणार कसा? त्याची तशी घडणच नाही. मग माझं मलाच वाटलं, विचारायचं तर जिच्या नावावर आहे तिलाच विचारायला हवं.

जेवणाच्या सुट्टीत अश्लेषा अण्णांच्या टेबलावर डबा उघडून बसली होती. काकूंनी वालाचं बिरडं दिलं होतं. समोर पडद्यावर कुठल्यातरी बरणीचा नकाशा होता, घास तोंडात आणि डोळे तिकडे. मी समोर खुर्ची ओढली.

"अश्लेषा, तो फोल्डर तुला दादाने दिलेला नाही. माझ्या हातून चुकून गेला." आणि मग सगळं सांगितलं. अमावास्या, पाडवा, पंगत, नंबर. पाहुणे गटाचंही सांगितलं, ते सांगताना मान वर करवली नाही. "आता ते दादाच्या नावावर करायचंय. चार वाजता माणसं न्यायला येणार आहेत. तुझी काही हरकत नाही ना?"

ती चावायची थांबली. "म्हणजे दादाने विश्वास वगैरे काही टाकलेला नव्हता," ती म्हणाली. मी मान हलवली. तिचे डोळे भरले, पण परवासारखे नाही.

"दादा जागा विकायला बघतोय ते मला आईने पाडव्याला सांगितलं, मावशी. फोल्डर दिसला तेव्हा वाटलं, त्याने तो विचार सोडला. आईच्या सहीशिवाय ती विकता येत नाही. तिने सही केलेली नाही, पण दादा रोज मागतोय. बाबांची ड्रॉइंग्ज हातची गेली की आई म्हणेल आता राहिलंच काय, आणि करेल सही. मग रोनाल्ड आणि बाकीची बारा माणसं कुठे जाणार?" तिने घास गिळला. "मला हरकत आहे. नाही चालणार."

एवढंच बोलली. आवाज न चढवता, भातावर बिरडं ओतता ओतता.

मला तिचा राग आला. खोटं कशाला लिहू, चांगला सणकून आला. भावाला कोणी असं सरळ नाही म्हणतं का? माहेर तुटतं, लोक काय म्हणतील, सणावाराला कोण विचारेल, हे सगळं माझ्या ओठावर आलं. आणि मग लक्षात आलं की ह्यातलं एकही तिने विचारात घेतलेलं दिसत नाही, तरी ती तिथेच बसली आहे, जेवते आहे, छत कोसळलं नाही. हरकत आहे असंही म्हणता येतं. एवढी वर्षं मी समजत होते की त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. रडू कोणासाठी आलं ते नीट सांगता येणार नाही.

परत आले आणि टेबलाखालच्या ठोकळ्यावर लिहून ठेवलेली ओळ एकेक अक्षर मागे घेत पुसून टाकली.

चारच्या आधीच कौस्तुभ आला. मागे काचेतून ती टेपवाली माणसं दिसत होती, कोणीतरी त्यांना सरबत देत होतं. "झालं ना मावशी?"

"तिला विचारलं. ती नको म्हणाली."

"तिला विचारायला कोणी सांगितलं होतं?" तो खालच्या आवाजात बोलत होता, पण मान लाल झाली होती. "बरं, जाऊ दे. आता माझ्यासमोर करा. एक ओळ आहे, मला माहीत आहे. नाहीतर पासवर्ड द्या, मी करतो."

हा पोरगा शाळेतून आल्यावर माझ्या ह्याच टेबलावर बसून गृहपाठ करायचा. बेरजा मी तपासायचे. माझी नोकरी त्याच्या हातात आहे, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. दरवाजात रोनाल्ड येऊन उभा राहिला होता, हातात झाकण होतं. अश्लेषा टेबलावरून उठली नव्हती.

"द्या ना मावशी, तुमचं काय जातंय?" कौस्तुभ म्हणाला.

मी "नाही" म्हटलं. सवय नसल्यामुळे आवाज जरा मोठा आला, काचेपलीकडच्या माणसांनीही मान वळवली. म्हणून पुन्हा एकदा, नीट, हळू म्हटलं.